रमवणारी साधने, प्रश्न पाडणारी साधने

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनचा इतिहास मुलांना शिकवायचा, तर साधनांची वानवा नाही. पोस्टरे, रेशनची पुस्तके, पत्रे, माहितीपट आणि इम्पिरिअल वॉर म्युझियमचे संग्रह हाताशी आहेत. बीबीसीने २००३ ते २००६ या काळात सामान्य माणसांच्या सुमारे ४७ हजार आठवणी गोळा केल्या, त्याही आहेत. खरी अडचण निवडीची आहे, कारण मुलांना रमवणारे प्रत्येक साधन त्यांना विचार करायला लावतेच असे नाही.

मुलांच्या स्थलांतराचा विषय घेऊ. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांतून खेड्यांत हलवले गेले. त्यांतली निम्म्याहून अधिक शाळकरी मुले होती, आई-वडिलांशिवाय निघालेली. ब्रिटनमधल्या अनेक शाळांत मुले जुन्या धाटणीचे कपडे घालून, कोटाला नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा अडकवून हा प्रसंग उभा करतात. दिवस मजेत जातो, पण त्याचे गॅदरिंग व्हायला वेळ लागत नाही. त्या डब्यातला खरा गॅस मास्क तर मुलांना घालायला देऊच नये. त्याच्या गाळणीत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या शाळांना तशी स्पष्ट सूचनाही देण्यात आली.

त्यापेक्षा दोन चित्रे शेजारी ठेवावीत. एक, रेल्वेच्या खिडकीतून हसत हात हलवणाऱ्या मुलांचे छायाचित्र. दुसरे, सरकारी पोस्टर: खेड्यात झाडाखाली बसलेली आई, जवळ मुले, आणि मागून धूसर हिटलर तिला मुलांना शहरात परत नेण्यासाठी भरीस घालतो आहे. मुले इतकी आनंदात होती, तर आयांना असे बजावायची पाळी सरकारवर का आली? हा प्रश्न वर्गातूनच येतो. सुरुवातीचे काही महिने बाँब पडलेच नाहीत, घराची ओढ होती, परक्या घरातले हालही होते. त्यामुळे १९४० उजाडेपर्यंत कितीतरी मुले परतली होती. छायाचित्रही प्रचारासाठी काढले जाते, हे मुलांना इथे आपसूक उमगते. पुढे नीना बॉडेन यांची ‘कॅरीज वॉर’ ही कादंबरी वाचायला द्यावी. लेखिका स्वतः अशीच वेल्समध्ये पाठवली गेली होती.

रेशनसाठी वजनकाटा पुरतो. प्रौढ माणसाला आठवड्याला साधारण ५७ ग्रॅम लोणी, तेवढाच चहा, २२७ ग्रॅम साखर आणि एक अंडे मिळे. मुलांनी हे स्वतः मोजावे. आठवड्याचे लोणी तळहातावर मावते. त्यानंतर तारखा सांगाव्यात. रेशनिंग जानेवारी १९४० मध्ये सुरू झाले आणि संपले जुलै १९५४ मध्ये. पावावर तर युद्ध चालू असताना रेशनिंग नव्हते, ते आले १९४६ मध्ये. जिंकलेल्या देशावर ही वेळ का यावी, यावर एक अख्खा तास सहज जातो आणि तो जायलाच हवा.

मात्र एवढ्यावर थांबले, तर ब्रिटन एकटाच लढला असे चित्र मुलांच्या मनात बसते, आणि ते खोटे आहे. भारतीय सैन्यातच २५ लाखांच्या आसपास जवान होते. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. पथकातले सगळे सहकारी मशीनगनच्या माऱ्यात कोसळल्यावर ते एकटेच त्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाल्याचे सरकारी मानपत्र आजही वाचता येते. जेमतेम पानभराचा तो मजकूर वर्गात मोठ्याने वाचावा, आणि हा मराठा जवान तिथे का होता, हे नकाशावर शोधायला लावावे.

रेशनच्या पुस्तकाशेजारी १९४३ चा बंगालचा दुष्काळही ठेवलाच पाहिजे. एकीकडे प्रत्येकाला मोजून घास देणारी व्यवस्था उभी होती आणि त्याच साम्राज्यात सुमारे ३० लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली. चित्रकार चित्तप्रसाद यांनी ती उपासमार रेखाटली. त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. ही रेखाटने फार लहान मुलांपुढे ठेवू नयेत. त्यांना १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिथून येणारा तांदूळ कसा थांबला, किनारपट्टीवरच्या नावा सरकारने का काढून घेतल्या आणि भाव कसे कडाडले, एवढे कळले तरी पुरे. चित्रे वरच्या वर्गांसाठी ठेवावीत, आणि दाखवली की घाईने पुढच्या धड्याकडे वळू नये.