बार्ली कड्याला आला असता तर

आमच्या कडा गावच्या स्टँडवर परका माणूस उतरला, की त्याला कुणाचं घर विचारायचंय हे बाजूलाच राहतं. पावनं कुठले, आडनाव काय, लेकरं किती, नोकरी सरकारी का खासगी? चहा संपेस्तोवर त्याची चार पिढ्यांची कुंडली हॉटेलवाल्याकडे जमा झालेली असते. परमुलखात राहून माणसांचा अभ्यास करणाऱ्यांची पुस्तकं वाचताना मला म्हणून हसू येतं. त्यांना वाटतं, प्रश्न आपण विचारतोय.

नायजेल बार्ली हा इंग्रज कॅमेरूनच्या डोंगरांत, डोवायो लोकांत राहिला. त्याचं ‘द इनोसंट अँथ्रोपॉलॉजिस्ट’ १९८३ साली आलं. अर्धं पुस्तक रीतिरिवाजांचं, अर्धं फजितीचं. गाडीच्या अपघातात दात दुखावले, तर दवाखान्यात एकानं पुढचे दोन उपटूनच काढले. नंतर कळलं, तो डॉक्टर नव्हे, मेकॅनिक. कागदावरच्या शिक्क्यासाठी या कचेरीतून त्या कचेरीत घातलेल्या हेलपाट्यांनी तर त्यानं पानंच्या पानं रंगवलीत. ती मात्र मी भराभर उलटली. सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करून घेतलेल्या माणसाला त्यात नवल ते काय?

रेंगाळलो ते त्याच्या १९८६च्या पुस्तकावर. बऱ्याच वर्षांनी होणारा सुंतेचा सोहळा आता होणार असं कळलं, म्हणून हा लंडनहून धावत गेला. तिकडं अळ्यांनी भरड धान्याचं पीक फस्त केलेलं. धान्य नाही म्हणून बिअर नाही, बिअर नाही म्हणून सोहळा नाही. बार्लीची फेरी फुकट गेली आणि पुस्तक जमलं. मी हसलो, अन् लगेच २०१७ आठवलं. त्या साली गुलाबी बोंडअळीनं कापसाची बोंडं आतून पोखरली आणि ठरलेली लग्नं पुढच्या सालावर गेली. आमच्यात ते विनोदी पुस्तकाचं नव्हे, उसनवारीच्या वहीचं साल. तरी बार्लीवर राग धरवत नाही. तो हसतो ते बहुतेक स्वतःलाच.

आपल्याकडंही एक असा आला होता. गुंथर सोंथायमर, जर्मन, मूळचा कायद्याचा अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा तपासता तपासता गडी धनगरांच्या मागं लागला, आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहून बसला. मराठी अशी बोलायचा की धनगर त्याला ओव्या ऐकवत. मेंढरं शेतात बसवायला आलेले धनगर आमच्या भागात दिसतात तेव्हा वाटतं, यांच्या पालांशेजारी पाठीवर टेपरेकॉर्डर घेतलेला एक गोरा हवाच होता.

बार्लीबद्दल डोवायोंत बोललं जाई, की हा रात्री पांढरं कातडं काढून टांगून ठेवतो. कड्यात इतकी कल्पना कुणी लढवली नसती. त्याला बाकड्यावर बसवून, चहा पाजून, शेवटी विचारलं असतं, ‘‘हे असलं इचारत फिरायचा पगार मिळतो? मग आमच्या पोराला बघा की चिकटवून. बीएड झालंय.’’