रुसलेला सोबती आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा



आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय तरी काय? पालकसभेत दर वेळी मीच सांगते की मुलांना गेमपासून लांब ठेवा, आणि आज मीच गेमवर लिहायला बसले आहे. पण एका गेमने मला माझ्याच वर्गातली माझी चूक दाखवली. ती चूक तुमच्याही हातून होत असेल, म्हणून हा लेख.

मी वळसंग भागात सोलापूर-अक्कलकोट रस्त्याच्या कडेला असलेल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. करून नोकरीला लागले त्याला बारा वर्षं झाली. आमच्याकडे निम्म्या मुलांच्या घरी कानडी बोलतात. शाळेत मराठी, घरी कानडी, आणि मैदानावर दोन्हीची मिसळ. गेल्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्यात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही.

दसरा झाला आणि त्याचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले. तो अज्जीजवळ राहिला. तिथून पुढे त्याचं वागणं बिघडलं. शेजारच्याची वही फाडायची, कुणी बोललं की ढकलायचं, विचारलं तर तोंड फिरवायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की वर्गातून उठून थेट गेटाकडे पळायचं. रस्ता वाहता आहे. माझा जीव नुसता टांगणीला लागायचा.

मी काय केलं? आधी समजावलं. मग त्याला वर्गप्रमुख केलं, म्हणजे जबाबदारी आली की सुधारेल. मग माझ्या पैशाने नवी कंपासपेटी आणून दिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर परत ठेवलेली होती. शेवटी एकदा तो गेटाकडे पळाला तेव्हा मी दंडाला धरून आणला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "शाळा नको असेल तर घरी बस." तो दोन दिवस आला नाही. मी हात उचलला नव्हता. पण शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मारण्याइतकीच मानसिक त्रासालाही बंदी आहे, हे डी.एड. झालेल्या बाईला कुणी सांगायला हवं का?

दिवाळीला माहेरी सोलापुरात गेले. माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि रात्री गेम खेळतो. मी जरा चिडूनच म्हणाले, "काय मिळतं रे तुला त्या मारामारीत?" तो म्हणाला, "ताई, एकदा बसून बघ तरी." आधी त्याने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने केलेला 'राजी' दाखवला. २०२० साली आलेला हा खेळ, त्यात एक बहीण आपल्या हरवलेल्या भावाला शोधत जाते. मला आवडला. मग तो म्हणाला, "तू शिक्षिका आहेस ना, तुला दुसरा एक दाखवतो. त्यात माणसं जमवायची असतात."

तो खेळ म्हणजे 'मास इफेक्ट २'. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने २०१० साली काढलेला. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे आपण एका पात्राच्या भूमिकेत शिरायचं आणि काय बोलायचं, कसं वागायचं ते आपणच निवडायचं. आपण शेपर्ड नावाचा यानाचा कप्तान असतो. पुढे एक अशी मोहीम आहे की जिच्यातून परत येण्याची खात्री नाही. त्यासाठी जागोजागी जाऊन सोबती गोळा करायचे. गंमत अशी की माणूस यानावर आला म्हणजे आपला झाला असं नाही. त्याचा विश्वास वेगळा मिळवावा लागतो. नाही मिळवला तर शेवटच्या मोहिमेत तो जिवाला मुकू शकतो.

या सोबत्यांत जॅक नावाची एक तरुणी आहे. तुरुंग असलेल्या एका यानात तिला बेशुद्ध करून, गोठवून ठेवलेलं असतं. तिथून ती सुटते आणि दिसेल ते तोडत निघते. लहानपणी सर्बेरस नावाच्या संघटनेने तिला कोंडून तिच्यावर प्रयोग केलेले असतात. आणि शेपर्डचं यान नेमकं त्याच संघटनेचं! मग ती आपल्यासोबत का येते? गोड बोललो म्हणून नाही. ती एक अट घालते. या संघटनेच्या फायली मला बघू द्या, तर येते. आपण शब्द देतो, ती येते. आल्यावरही इतरांबरोबर राहत नाही. यानाच्या तळाशी, इंजिनाच्या खाली, अंधाऱ्या जागेत एकटी बसते. मला लगेच शेवटचा बाक आठवला.

माऊस माझ्या हातात होता. मी आपली शिक्षिकेच्या सवयीने सारखी तिच्याकडे जाऊन विचारत होते, काय झालं, कुठे होतीस, सांग ना. ती थोडं बोलायची आणि मग वाटेला लावायची. भाऊ हसला. "ताई, सारखं जाऊन काही होत नाही. एक-दोन मोहिमा कर, मग ये. तिचं पुढचं बोलणं तेव्हाच उघडतं." म्हणजे खोदून विचारल्याने माणूस उघडत नाही. बरोबर काम करताना, धोक्यात शेजारी उभं राहताना वेळ जातो, तेव्हा तो आपणहून पुढचं सांगतो. मी वर्गात याच्या उलट करत होते. मुलाबरोबर काहीच न करता त्याच्याकडून सगळं काढून घ्यायला बघत होते.

सुट्टी संपली. पण पुढेही रविवारी सोलापूरला गेले की तासभर आम्ही बसायचो. डिसेंबरमधल्या एका रविवारी जॅकचा तो प्रसंग आला.

ती म्हणते, जिथे मला कोंडलं होतं ती जागा मला उडवून द्यायची आहे. आपण तिच्याबरोबर तिथे जातो. पडकी इमारत, झाडं वाढलेली. ती चालता चालता आठवणी सांगत असते. तिच्या खोलीला एक काच होती, त्यातून तिला बाहेरची दुसरी मुलं दिसायची. ती तासन् तास ओरडायची, पण एकानेही कधी तिच्याकडे पाहिलं नाही. तो राग तिने आयुष्यभर सांभाळला. आणि आता ती पहिल्यांदा काचेच्या बाहेरच्या बाजूला उभी राहते. तेव्हा तिला कळतं की ती काच एकाच बाजूने आरपार दिसणारी होती. बाहेरच्या बाजूला नुसता आरसा! त्या मुलांना ती कधी दिसलीच नव्हती. पुढे हेही कळतं की त्या मुलांचे हाल तिच्यापेक्षा वाईट होते. तिच्या आठवणी खोट्या नव्हत्या, पण अर्ध्याच होत्या.

मी माऊस खाली ठेवला. भाऊ म्हणाला, "काय झालं ताई?" मला काही बोलता येईना. माझ्या डोक्यात आमच्या शाळेचं गेट होतं.

सोमवारी ट्रॅक्टरचा आवाज आला. तो उठला. मी ओरडले नाही. बाकीच्यांना लेखन दिलं, शेजारच्या वर्गाच्या मॅडमना दाराशी उभं राहायला सांगितलं आणि त्याच्या मागे गेटापर्यंत गेले. गेट बंद करून आम्ही दोघं आतच उभे राहिलो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या गेल्या. मी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मला येतं तेवढ्या कानडीत एवढंच विचारलं, "ऊटा आयता?" जेवलास का? तो माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. माझे उच्चार ऐकून हसला असेल. आठवडाभराने तोच म्हणाला, "अव्वा-अप्पा ट्रॅक्टरवर बसून गेलते. परत येतेत का बघालालो." आणि मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला म्हाईत असून धरून नेत होता."

माहीत असून! माझ्या अंगावर काटा आला. त्याच्या दृष्टीने गोष्ट उघड होती. आई-बाप कशावर बसून गेले हे सगळ्या गावाने पाहिलं होतं, मग बाईंना माहीत नसेल कसं? म्हणजे बाईंना सगळं दिसतंय आणि तरी त्या मुद्दाम अडवतात. तो दोन महिने काचेच्या आतून ओरडत होता, आणि मी बाहेर आरशात फक्त माझा बिघडलेला वर्ग बघत होते.

त्यानंतर आम्ही एक करार केला. जॅकशी असतो तसाच, चोख. गेटाबाहेर पाय टाकायचा नाही. त्या बदल्यात आवाज आला की हात वर करायचा आणि मी 'जा' म्हणणार, कितीही महत्त्वाचा पाठ चालू असला तरी. पाहुणे अधिकारी वर्गात असताना एकदा त्याचा हात वर आला. मी 'जा' म्हणाले. साहेबांनी भुवया उंचावल्या. पण त्या दिवशी मी शब्द मोडला असता, तर पुन्हा कधी त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नसता. ट्रॉल्यांवरून मग गणित आलं. आज किती गेल्या, आठवड्यात किती? तो वहीत मांडू लागला. वही फाडणं थांबलं. ढकलाढकली कमी झाली, पूर्ण थांबली नाही.

आता गेम आणि वर्ग यांतला फरकही सांगायला हवा. गेममध्ये योग्य पर्याय निवडला की विश्वास मिळतो आणि तशी नोंद पडद्यावर येते. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीच्या २०२३ सालच्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये तर तुमचं वागणं सोबत्याला आवडलं की नाही तेही लगेच लिहून येतं. मूल असं लिहून दाखवत नाही. दुसरं म्हणजे, गेममध्ये आपण सोबत्याचं मन जपतो ते आपली मोहीम फत्ते व्हावी म्हणून. मला स्वतःला विचारावं लागलं, बाई, तुम्हाला हा मुलगा बरा व्हायला हवाय, की तुमचा वर्ग शांत व्हायला हवाय? खरं उत्तर द्यायचं तर सुरुवातीला दुसरंच हवं होतं. मुलांना हा वास फार लवकर येतो. कंपासपेटी म्हणूनच परत आली.

संक्रांतीनंतर अज्जी आजारी पडली आणि त्याचे वडील त्याला फडावर घेऊन जायला आले. मी खूप सांगितलं, पण अज्जीलाच कुणी बघायला नव्हतं, तर त्याला कोण बघणार? मग शिक्षण हमी कार्ड भरून वडिलांच्या हातात दिलं. जिथे जाल तिथल्या शाळेत हे दाखवा, त्याला बसवून घेतील, असं दोनदा समजावलं. तो ट्रॅक्टरवर बसूनच गेला. त्या दिवशी गेटाशी मी एकटी उभी होते.

महिन्याने मुकादमाच्या फोनवरून त्याचा फोन आला. शाळेत बसतोस का विचारलं, तर म्हणाला, "कधी कधी." मग विचारलं, "मॅडम, ट्रॉल्या मोजालालाव का तुम्ही?" मी खरं सांगितलं, रोज नाही. जूनमध्ये तो परत आला. पाचवीत आहे, वर्ग दुसऱ्या सरांकडे. मराठी वाचन मागे पडलंय. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात डोकावून जातो.

शिक्षकांनो, माझ्यापुरते तीन धडे मी लिहून ठेवलेत. खोदून विचारण्याआधी मुलाबरोबर काहीतरी करा. लहानच शब्द द्या, पण अडचणीच्या दिवशीही पाळा. आणि मूल 'मुद्दाम' वागतंय असं वाटलं की एकदा विचार करा, त्यालाही तुम्ही मुद्दाम वागताय असं वाटत असेल का?

पालकांनो, 'मास इफेक्ट' आणि 'बाल्डर्स गेट' हे मोठ्यांचे खेळ आहेत, लहान मुलांच्या हाती देऊ नका. पण तुमचा कॉलेजातला मुलगा रात्री असं काही खेळत असेल तर ओरडण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, तुझ्या यानावर कोण कोण आहे? माझा भाऊ पंधरा वर्षं हे खेळतोय. त्याला हे विचारणारं घरात आधी कुणी नव्हतं, मीसुद्धा नव्हते.

आणि हो, जॅकचं पुढे काय झालं? २०१२ साली 'मास इफेक्ट ३' आला. त्या मोहिमेतून ती जिवंत परतली असेल, तर पुढच्या भागात ती एका शाळेत भेटते. विशेष शक्ती असलेल्या मुलांना शिकवते, त्यांच्यासाठी जीव टाकते आणि शाळा सांगते म्हणून शिव्या देणं कमी करण्याची धडपड करते. होय, ती शिक्षिका झालेली असते.

हे बघून भाऊ म्हणाला, "ताई, तुमच्यातलीच निघाली की."

पण आपल्या शेवटच्या बाकावरचं मूल पुढे कोण होणार, ते आपल्याला असं बघायला मिळत नाही. आपल्या हातात आजचा तास आहे, तेवढा नीट करू या.