रागाआधीचे पळ

मराठी भाषेला रागाचे वावडे नाही. राग येतो, चढतो, अनावर होतो, गिळला जातो आणि कधी नाकाच्या शेंड्यावर मुक्काम करतो. घरातला वडीलधारा तापट असेल तर आपण त्याला जमदग्नी म्हणतो आणि त्या म्हणण्यात थोडे कौतुकही असते. पंधरा वर्षांच्या मुलाने तसेच केले की तो उद्धट ठरतो. मोठ्यांचा राग हा स्वभाव आणि मुलांचा राग हा संस्कारांचा अभाव, अशी ही वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आम्हां उभयतांना ती नव्याने तपासावी लागली, ती आमच्या नातवामुळे. त्याच्या अस्वस्थतेला डॉक्टरांनी दिलेले नाव एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता.

ही अवस्था आजच्या युगाची निर्मिती आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः 1902 साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले होते, की ज्यांची बुद्धी शाबूत होती, पण ज्यांना स्वतःला आवरता येत नव्हते. त्या काळाला अनुसरून त्यांनी त्यास नैतिक नियंत्रणातील उणीव म्हटले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1906 साली, सयाजीराव महाराजांनी बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. प्रत्येक मूल शाळेत आणणे हे त्या काळचे थोर कार्य होते. बाकावर बसवत नाही अशा मुलाचे काय करावे, हा प्रश्न त्याच्या पुढचा. तो आजही वर्गावर्गांत उभा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अक्षमतेचे 21 प्रकार मोजले आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे. एडीएचडीला मात्र स्वतंत्र स्थान नाही.

स्टिल यांच्या ‘नैतिक’ या शब्दापासून शास्त्र पुष्कळ पुढे आले. 2007 साली अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूच्या बाह्यपटलाच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर मुलांत जो टप्पा साधारण साडेसाताव्या वर्षी येतो, तो या मुलांत साडेदहाव्या वर्षी आला; आणि हा उशीर कपाळामागच्या, म्हणजे संयम व नियोजन सांभाळणाऱ्या भागात विशेष होता. यावरून कोणा एका मुलाचे खरे वय वजाबाकीने काढता येत नाही. तरी मिसरूड फुटलेल्या, आजोबांहून उंच झालेल्या मुलाकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. निदानाच्या मुख्य निकषांत राग नाही. चिडचिड आणि निराशा न सोसणे यांची नोंद आनुषंगिक म्हणून होते. घरात मात्र तेच आधी दिसते.

हा राग आकाशातून पडत नाही, हे आम्हांला वहीने शिकवले. दोन महिने आम्ही रोज नोंद ठेवली: किती वाजता, कशावरून, त्याआधी काय घडले. बहुतेक नोंदी सायंकाळच्या निघाल्या. सकाळच्या औषधाचा अंमल उतरलेला, पोटात भूक, शाळेचा शीण, आणि त्यात कोणीतरी एका दमात दिलेल्या तीन सूचना. डॉक्टरांनी ती वही पाहून औषधाच्या वेळेचा विचार केला. आम्ही पाच वाजता खाणे पुढे ठेवू लागलो आणि एका वेळी एकच गोष्ट सांगू लागलो. निम्मे वणवे ठिणगीआधीच विझले.

उरलेल्या निम्म्यांसाठी एक करार केला, आणि तो तो शांत असताना. कारण संतापलेल्या माणसाला केलेला उपदेश हे तेलच असते. आपल्या जुन्या कालगणनेत साठ पळांची एक घटिका होते, म्हणजे आपली चोवीस मिनिटे. त्याने किंवा आम्ही ‘घटिका’ एवढेच म्हणायचे. मग तेवढा वेळ कोणी कोणाशी बोलायचे नाही, पाठोपाठ खोलीत जायचे नाही, दाराआडून शहाणपण सांगायचे नाही. करारात दुसरे कलमही आहे: राग माफ, मोडतोड माफ नाही. फोडलेल्या कपाचे पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून जातात. उखडलेली बिजागरी त्याने स्वतः, पेचकस घेऊन, बसवली.

आमच्या शहराने दिलेली एक मदतही सांगितली पाहिजे. प्रा. माणिकरावांच्या आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात आखाड्याची परंपरा जुनी आहे. नातू मल्लखांबाला जातो. खांबावर मन भरकटले की पकड सुटते आणि शरीराला ते त्या क्षणी कळते. सहामाहीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. अशा मुलाला शिक्षा वा शाबासकी उशिरा मिळून उपयोग होत नाही. तिथून तो दमून आणि हलका होऊन परततो. आजार बरा होत नाही. संध्याकाळ बरी जाते.

एका रात्री त्याने विचारले, “आजी, राग गेला की मला माझाच राग येतो. तुम्हांला येतो का?” आम्ही दोघांनीही ‘हो’ म्हटले. ज्याला आम्ही सारे उद्धट समजत आलो, तो प्रत्येक वेळी असा स्वतःपुढे आरोपी म्हणून उभा राहत होता. त्याला आमच्याकडून आणखी एका न्यायाधीशाची गरज नव्हती.

गेल्या उत्तरायणाला गच्चीवर त्याचा आवडता पतंग कापला गेला. शेजारच्या गच्चीवरून जल्लोष उठला. त्याचा चेहरा बदललेला आम्ही पाहिला. त्याने फिरकी खाली ठेवली आणि जिना उतरून गेला. अर्ध्या तासाने तिळाच्या चिक्कीचा तुकडा चघळत वर आला व दुसऱ्या पतंगाला कन्नी बांधू लागला. तोवर ‘घटिका’ हा शब्द आमच्यापैकी कोणीही उच्चारला नव्हता. दोन वर्षांनी तो वसतिगृहात जाईल आणि तिथे तो शब्द कोणाला ठाऊक नसेल. तो उच्चारावा न लागणे, एवढेच त्याच्या शिदोरीत बांधून देण्याची आमची खटपट चालली आहे.