तू दिसतो का म्हणून...

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईत नोकरीला लागून जेमतेम काही महिने झाले होते. त्या रात्री ऑफिसातच अडकलो, फोन लागेना. पहाटे एकदाचा घरी लागला तर आई म्हणते, "तू दिसतो का म्हणून रात्रभर टीव्ही बघत बसले." भोकरदनला त्या रात्री लाईट गेली नाही हेच नवल!

आईला हिंदी समजतं. पण घाबरलेल्या माणसाला आपल्याच भाषेत ऐकायचं असतं. झी २४ तास आणि स्टार माझा (आताचं एबीपी माझा) २००७ साली सुरू झाले, आयबीएन लोकमत २००८ च्या एप्रिलमध्ये. त्याआधी आमच्याकडे दूरदर्शनच्या संध्याकाळच्या बातम्या, संपलं.

अरबांचंही असंच होतं. सरकारी चॅनल, राजेसाहेब आज कुणाला भेटले, वगैरे. १९९६ मध्ये बीबीसीचं अरबी चॅनल बंद पडलं, त्यातले बरेच पत्रकार दोह्याला गेले, आणि कतारच्या अमीराच्या पैशावर १ नोव्हेंबरला अल जझीरा सुरू झालं. एकमेकांचं तोंड न बघणारे लोक स्टुडिओत समोरासमोर भांडू लागले, तेही लाइव्ह. शेजारची सरकारं भडकली, काहींनी त्यांची ऑफिसंच बंद केली. लोक मात्र चिकटले ते चिकटलेच. २००१ मध्ये काबूलची चित्रं आपणही त्यांचाच लोगो असलेली बघितली.

फक्त कतारवर बोलायची वेळ आली की आवाज जरा खाली. घरमालकाच्या खोलीत डोकवायचं नाही!

आपल्या चॅनलांचा घरमालक म्हणजे जाहिरात. त्यामुळे मुंबईत पाऊस पडला की दिवसभर पाऊस. भोकरदन दिसणार ते रावसाहेब दानवे काही बोलले की, नाहीतर २०१२-१३ सारखा दुष्काळ पडून टँकर आले की. वडील अजून यावर चिडतात. असो.

२०१२ मध्ये कसाबचा निकाल आला. सुप्रीम कोर्टाने त्यात चॅनलांना चांगलंच झापलं होतं. कमांडो कुठे उतरतायत हे लाइव्ह दाखवलं जात होतं, आणि पाकिस्तानात बसलेले त्या पोरांचे आका टीव्ही बघून त्यांना फोनवर सूचना देत होते. म्हणजे आई ज्या चित्रांत मला शोधत होती, तसल्याच चित्रांवर तिकडे त्यांचीही नजर होती.

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.