‘काल दिसला नाहीत?’

पॅकेज मस्त, फ्लॅट शेअरिंगमध्ये, मोबाइलमध्ये शेकडो नंबर. आणि रविवारी दिवसभरात तोंडातून निघालेला एकच शब्द, डिलिव्हरीवाल्याला म्हटलेलं ‘थँक्स’! नोकरीसाठी पुण्यात आलेल्या अनेकांचा वीकएण्ड असाच सरतो. अशा मंडळींसाठी हा एक पत्ता : वेताळ टेकडी.

समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर उंच, म्हणजे पुणे शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण. लॉ कॉलेज रोडवरून ‘एआरएआय’च्या रस्त्याने चढा, नाहीतर गोखलेनगर किंवा पंचवटीकडून. सकाळी वर गेलात की मोरांचा आवाज, जुनी दगडखाण आणि वेताळबाबाच्या देवळापाशी रंगलेल्या गप्पा. निवृत्त काका, ट्रॅकसूटमधल्या काकू, कॉलेजची पोरं, सगळे हजर. तिकीट नाही, मेंबरशिप नाही.

पहिले आठ दिवस कोणी विचारत नाही. मग नुसती मान हलते. मग ‘काय, आज उशीर?’ आणि एक दिवस दांडी मारलीत की दुसऱ्या दिवशी हमखास प्रश्न येतो, ‘काल दिसला नाहीत?’ आपण नसल्याचं कोणाच्या तरी लक्षात येतं, एकटेपणावर याहून मोठं औषध नाही.

यामागे गणितही आहे बरं का! अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये हिशेब मांडला : नुसत्या ओळखीची मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, जिवलग व्हायला 200 हून जास्त. आणि ऑफिसात एकत्र काम केलेले तास त्यात फारसे मोजले जात नाहीत! रोज अर्धा तास टेकडीवर काढलात, तर शंभर सकाळींत पहिला टप्पा पार.

लाजाळू असाल तर उन्हाळ्यात जा. रोपांना पाणी घालायला कॅन घेऊन चढणारे भेटतील. एक कॅन उचला, बोलायला विषय आपोआप मिळतो. ही ओळख किती पक्की असते, ते एप्रिल 2023 मध्ये दिसलं. टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याविरोधात हजारो पुणेकर मोर्चात उतरले. त्यातले कित्येक जण एकमेकांना फक्त सकाळच्या चेहऱ्याने ओळखत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एक जण एकटेपणा सोसतोय. तो सहावा तुम्ही असाल, तर उद्याचा अलार्म साडेपाचचा लावा. हेडफोन मात्र घरीच ठेवा!