घोटीचा पाऊस आणि सासूबाईंचा पदर

मैत्रिणींनो, श्रावणात नाशिकहून इगतपुरीकडे जायचा बेत तुमच्याही मनात असेल. अवश्य जा! पण गाडी जुनी असेल, तर आधी आमची फजिती ऐका.

नाशिकचा पाऊस मोठा फसवा. शहरात तो वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि पन्नास किलोमीटरच्या आतल्या इगतपुरीला मात्र तीन हजारांच्या घरात! समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतानाच रिते होतात. उरलंसुरलं आपल्या वाट्याला. म्हणून पांडवलेण्यांपाशी नुसती भुरभुर असते, वाडिवऱ्हे मागे पडलं की आभाळ खाली येतं आणि मुंढेगावनंतर वायपरही हात टेकतात. दुतर्फा भाताची आवणी चाललेली, डावीकडे कळसूबाईची रांग ढगात बुडालेली. पाहतच राहावं!

गेल्या श्रावणात आम्ही निघालो ते मात्र निसर्ग बघायला नव्हे. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं दुखणं वाढल्याचा घोटीहून निरोप आला होता. गाडी सासऱ्यांच्या वेळची, कार्बोरेटरवाली. "पावसात दगा देते, दिवाळीआधी विकून टाकू," असं ह्यांनी ठरवूनच टाकलेलं. मुंढेगाव ओलांडलं, पाऊस कोसळू लागला, गाडीनं दोन आचके दिले आणि बसली रस्त्याच्या कडेला! ह्यांनी इतके स्टार्टर मारले की बॅटरी रडू लागली.

मागून सासूबाई म्हणाल्या, "अरे थांब, बॅटरी संपवशील. किल्ली काढ, बॉनेट उघड. आणि अगं, तू छत्री धर."

सासऱ्यांना वर्षानुवर्षं टॉर्च धरून दिलेला, तो असा कामी आला. जाड काळ्या वायरी जिथे एकत्र येतात, ते झाकण त्यांनी दाखवलं. तो डिस्ट्रिब्यूटर, गॅरेजवाले त्याला डेल्को म्हणतात. झाकणाच्या क्लिपा काढल्या, तर आत दवासारखे थेंब! पदरानं झाकण आतून-बाहेरून पुसलं, वायरीही पुसल्या. दुसऱ्या स्टार्टरला गाडी सुरू! मावशींनी बहिणीचा हात धरला, तो सकाळपर्यंत सोडला नाही.

असं का होतं? प्लगला ठिणगी पडायला हजारो व्होल्टची वीज लागते. झाकणाला तडा गेला असेल किंवा वायरी जुन्या झाल्या असतील, तर ओलाव्यावरून ती वीज मधल्यामध्येच इंजिनच्या अंगावर पळते. प्लग उपाशी राहतो. म्हणून तर हीच गाडी कोरड्या दिवशी गुणी बाळासारखी चालते आणि मेकॅनिकला काही दोष सापडत नाही.

दोष घरीच शोधता येतो. रात्री अंधारात, पण मोकळ्या हवेत, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून सुरू ठेवा. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, तिनं वायरींवर आणि झाकणावर लांबूनच हलका फवारा मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, इंजिन अडखळलं, की चोर सापडला! मात्र पदर, ओढणी, वेणी पंख्यापासून दूर हवी, आणि चालू इंजिनच्या वायरींना हात मुळीच लावायचा नाही. आमच्या झाकणाला केसाएवढा तडा निघाला. झाकण आणि वायरी बदलल्या. गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पावसानंतर आभाळ कोरडं झालं तरी गाडी गचके देत असेल, तर पेट्रोलमध्ये पाणी शिरलं का, ते बघायला सांगा. टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं की छातीला? २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरातही सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच होते. तसा आपला मारुती म्हणजे गाडीचं चाक. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलेलं दिसलं, की गाडी त्यात घालू नका. आणि भर पाण्यातच बंद पडली, तर स्टार्टर चुकूनही मारू नका. इंजिननं पाणी गिळलेलं असेल, तर ते दाबलं जात नाही. आतला दांडा वाकतो, आणि मग हजारांचा खर्च. गाडी सोडून माणसांनी आधी वर यावं.

तेव्हा निघताना डब्यात दशम्या भराल, तसं जुन्या सुती साडीचं एक कोरडं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेवा. आमच्या गाडीत ते आता कायम असतं. सासूबाईंनी स्वतः घडी घालून ठेवलंय!