सोळावी मात्रा

आम्ही म्हणजे बीरशेबाच्या एका हॉस्पिटलातल्या तीन मराठी नर्सेस. तिघी कोकणातल्या, मराठी शाळेत शिकून इस्राएलला आलेल्या. आता सत्तरीच्या पुढे.

1975 साली एकीच्या भावाने लंडनहून एक रेकॉर्ड आणली. कव्हरवर वाकवलेली चकचकीत नळी. नाव ‘ट्युब्युलर बेल्स’, वाजवणारा माइक ओल्डफिल्ड. एका बाजूला एकच तुकडा, सुमारे पंचवीस मिनिटांचा! नाईट ड्यूटी करून आलेल्या बायकांनी झोपायचे की हे ऐकत बसायचे? सुरुवातीचा पियानो तर चुकलेलाच वाटला. आमच्यातल्या एकीचे वडील तबला वाजवीत. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, “अगं, पंधराच मात्रा! सोळावी खाल्लीन मेल्याने!”

मुलांनो, हा मेला तेव्हा 19 वर्षांचा होता. उसन्या टेपरेकॉर्डरचा आवाज पुसणारा भाग त्याने झाकून टाकला आणि घरीच एका वाद्यावर दुसरे वाद्य चढवले. कंपन्यांनी नको म्हटले. शेवटी ऑक्सफर्डशायरच्या स्टुडिओत पक्के रेकॉर्डिंग झाले आणि मे 1973 मध्ये रेकॉर्ड निघाली. गिटार, पियानो, ऑर्गन, घंटा, जवळजवळ सगळे त्यानेच वाजवले. रॉक आहे, लोकसंगीत आहे, शेवटी खलाशांचा नाचही आहे. पुढे ‘द एक्झॉर्सिस्ट’ या भुताच्या सिनेमात सुरुवातीचा भाग घेतला, म्हणून लोक उगीच घाबरतात.

आम्हाला आवडली ती पहिल्या बाजूची अखेर. एक गृहस्थ एकेका वाद्याचे नाव पुकारतो, ते वाद्य येऊन मिळते, आणि सर्वांत शेवटी लोंबत्या नळ्यांच्या घंटा. आम्ही म्हणायचो, हा तर सकाळचा रिपोर्ट! खाट नंबर एक, खाट नंबर दोन...

27 जुलै 2012 ला लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. शुक्रवारची रात्र, आणि रविवारी बिरड्याच्या सणाचा उपास. म्हणून आम्ही ते सोमवारी पाहिले. मैदानभर खाटा, खाटांवर उड्या मारणारी पोरे, युनिफॉर्ममधल्या नर्सेस नाचताहेत. त्यांत हॉस्पिटलांत खरोखर काम करणारी माणसेही होती. आणि वाजवायला स्वतः ओल्डफिल्ड! आम्ही गप्पच झालो. एवढी वर्षे बेडपॅन उचलले, आमच्यासाठी कोणी टाळी वाजवली होती? तबलजीची लेक पदराने डोळे पुसत म्हणाली, “बघा गं, आपला रिपोर्ट चाललाय.”

ती आता नाही. नातू फोनवर तेच लावून देतो. आम्ही दोघी बोटांवर मोजायला बसतो आणि दर वेळी चुकतो.